चंद्रावरून हजेरी

वद्य अष्टमीला सकाळी दहा वाजता कार्तिक सपकाळ गैरहजर झाला, तेव्हा तो पहिल्या बाकावर बसलेला होता. नाव पुकारल्याबरोबर त्याने "हजर" म्हटलंही होतं. पडद्यावरच्या कारकुनाने त्याच्या नावापुढे फुली मारली आणि बाकावर कार्तिक नव्हता. पाटी होती, डबा होता. दाराबाहेर त्याची एकच चप्पल उरली होती. दुसरी बहुधा त्याच्याबरोबर गेली असावी.

कमळजाबाईंनी ती चप्पल भिंतीशी नीट लावून ठेवली आणि उरलेल्या सहा जणांना बाराचा पाढा म्हणायला सांगितला.

पाणसवाडी हे गाव धरणाच्या पाण्याकाठी, दोन डोंगरांच्या बेचक्यात आहे. तिथे मोबाइलला रेंज कधी आलीच नाही. बाई निवृत्त झाल्या, नवीन मास्तर आले नाहीत, म्हणून बाईच शिकवत राहिल्या. मग तालुक्याहून हुकूम आला की रोज दहाला पडद्यावर हजेरी द्यायची. त्यासाठी अंकुश मोरे लाँचमधून दोन खोकी घेऊन आला आणि देवळात ग्रामसभा बसली.

अंकुश बाईंचाच विद्यार्थी. त्याने दोन्ही खोकी उघडून दाखवली. एक समोरच्या डोंगरावरच्या टॉवरचं. त्यातून आवाज लगेच जातो, पण धुकं आलं की तुकडे पडतात. मात्र नेट प्रत्येकाच्या खिशात येईल. दुसरं उपग्रहाचं. ते फक्त शाळेला, तुकडे पडणार नाहीत, थोडा उशीर लागेल इतकंच. कुणीतरी विचारलं, कितीसा उशीर? अंकुशने बाईंकडे पाहिलं. मग सगळ्या देवळाने बाईंकडे पाहिलं. त्यातला सरपंचासकट एकही जण असा नव्हता, ज्याच्या पाटीवर बाईंनी ग गिरवून दिला नव्हता.

बाईंना यातलं काही कळत नव्हतं. "मला ठाऊक नाही" हे तीन शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"पृथ्वीला उपग्रह एकच," त्या म्हणाल्या. "चंद्र. आपला आवाज तिथे जाईल आणि परत येईल. अडीच सेकंद."

आकडेमोड त्यांनी जागच्या जागी, मनातल्या मनात केली होती आणि ती बरोबर होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उपग्रहाचं ठरलं.

उपग्रहाची ताटली आणि तिचा कर्णा बसवताना अंकुश पाना हातात धरून आकाशाच्या भलत्याच कोपऱ्याकडे बघत उभा राहिला. "चंद्राकडेच ना, बाई?"

"मी तुला काय शिकवलं होतं?"

"हेच, बाई," तो म्हणाला, आणि त्याने ताटली चंद्राकडे वळवली.

संध्याकाळी बाईंनी पाचवीचं नवं पुस्तक उघडलं. त्यात कृत्रिम उपग्रहांचा धडा होता. चित्रात पृथ्वीभोवती इतके ठिपके होते की तिच्यावर माश्या बसल्यासारखं वाटत होतं. बाईंचे कान तापले. त्यांनी पुस्तक पालथं घातलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

हजेरीत एका नावाला अडीच सेकंद लागतात. त्यामुळे कार्तिकचा हजर चंद्रावरून परत येईपर्यंत कारकुनाने तनयाचं नाव घेतलं होतं. कार्तिकच्या नावापुढे काहीच नाही, आणि त्याचा हजर तनयाच्या नावापुढे लागला. तनयाचा देवांशला, देवांशचा निहारला. शेवटच्या हिंदवीचा हजर सगळी नावं संपल्यावर पोचला.

"एक हजर जादा येतोय," कारकून पहिल्याच दिवशी म्हणाला. "कुणाचा हा?"

मुलांनी पाट्यांत डोकं घातलं. बाईंनी फळा पुसायला घेतला. त्याने तो रद्द धरला.

नवमीला कार्तिकच नव्हता, म्हणून तनयासाठी वरून काही आलं नाही. ती फळ्यावर भागाकार करत होती. खडू खाली पडला. दुपारी तिची आई मंदा शाळेत आली. तनया कुठे गेली हे तिने विचारलं नाही. डबा न्यायला आले, म्हणाली. बाईंनी डबा स्वतः घासून, पदराने कोरडा करून तिच्या हातात दिला.

"टावरचं घ्यायला पायजे हुतं, असं आमचे हे म्हनत हुते," मंदा जाता जाता म्हणाली. "मी त्येंना गप केलं. म्हनलं, बाईंनी निवडलंय, ते इचार करूनच निवडलं आसंल."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बाईंना त्या दिवशी जेवण गेलं असतं.

दशमीला देवांश गेला. अंकुश येऊन खोक्याच्या बदलीचा अर्ज देऊन गेला. टॉवरचं मिळेल, म्हणाला, फक्त पहिली निवड का चुकली ते एका ओळीत लिहायचं. बाईंनी लिहिलं, तांत्रिक कारण. अर्ज दुसऱ्या दिवशी परत आला. खाली लाल शाईत, कारण स्पष्ट लिहावे. आता कारणासाठी पाच ओळी होत्या. बाईंनी लिहिलं, डोंगराची उंची. अर्ज परत आला, तेव्हा गावाच्या नावाची जागाही कारणाने घेतली होती. त्रयोदशीला अख्खा कागद कारणासाठी कोरा होता. तोवर निहार, मयुरेश आणि स्वराली गैरहजर झाले होते.

वर्गही पटाप्रमाणे आखडत गेला. मागची भिंत दुसऱ्या बाकापर्यंत आली. फळा इतका अरुंद झाला की त्यावर एकच अक्षर मावे. गावात कुणी आवाज चढवला नाही. बाई रस्त्याने निघाल्या की बाया पूर्वीसारख्याच पदर सावरत आणि बाजूला होत. बाई आता शाळेत मागच्या वाटेने, कुंपणाकडून येऊ लागल्या.

चतुर्दशीला चंद्राची कोर सूर्याच्या इतकी जवळ होती की डोळ्यांना दिसत नव्हती. ताटली तिच्याकडे वळलेली होती. वर्गात एकटी हिंदवी बसली होती. बाई तिच्याशेजारी उभ्या राहिल्या की त्यांचं डोकं आढ्याला लागत होतं.

"आज माझा नंबर," हिंदवी म्हणाली. ती पेन्सिलीला टोक करत होती.

बाईंनी तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधली. गाठ नीट बसेना.

"बाई, पुस्तकात उपग्रह पुष्कळ आहेत. एक्केचाळीस पान."

"तुला कधी कळलं?"

"आधीच. कार्तिकने सगळ्यांना वाचून दाखवलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

हिंदवीने टोक बोटावर टोचून पाहिलं. "तुम्हाला लाज वाटली असती."

बाई खाली बसल्या. जागा नव्हती, तरी बसल्या. त्यांनी विचारलं, "आणि तुमचं काय झालं असतं, ते नाही आलं मनात?"

"आधी कुणी जायचं यासाठी आम्ही चिठ्ठ्या नाही टाकल्या, बाई. बाराखडीप्रमाणेच गेलो." ती उदाहरण सोडवताना बोलायची तसं बोलली. "कार्तिकच्या आधी कुणीतरी हवं होतं. म्हणजे त्या आधीच्याचा हजर कार्तिकला मिळाला असता."

दहाला पाच मिनिटं होती. बदलीचा अर्ज भरून काही उपयोग नव्हता. तो पोचायला दिवस लागे. बाईंनी कपाटातून प्रवेशाचा अर्ज काढला. नाव लिहिलं, कमळजा गोविंद शेलार. इयत्ता पाचवी. प्रवेशाचं कारण या ओळीवर त्यांनी हात न थांबवता लिहिलं: उपग्रह हा धडा कच्चा आहे. चंद्र मी सांगितला. मुलांना बरोबर येत होतं, मला येत नव्हतं. मग त्यांनी कागद पडद्यासमोर धरला. कारकुनाने तो मोठ्याने वाचला. ताटलीच्या कर्ण्यातून ते वाचन साऱ्या पाणसवाडीत ऐकू गेलं. बाहेर मंदा दळण डोक्यावर घेऊन चालली होती, ती थांबली.

"वय?" कारकुनाने विचारलं.

"एकसष्ट."

"शिकवणार कोण?"

बाईंनी हिंदवीकडे बोट केलं. कारकुनाने तेही लिहून घेतलं. का च्या आधी क येतो, म्हणून नवं नाव पटावर सगळ्यांच्या वर बसलं.

बाई पहिल्या बाकावर गेल्या. गुडघे आत जाईनात. त्यांनी पाय तिरके करून घेतले.

"कमळजा शेलार," कारकून म्हणाला.

त्या उभ्या राहिल्या. "हजर."

त्यांच्या आधी कुणी काही म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे कारकुनाला काहीच ऐकू आलं नाही. त्याने फुली मारली. बाईंना पायाखालच्या फरशीचा गारवा लागेनासा झाला, मग हिंदवीच्या केसांच्या तेलाचा वास येईनासा झाला.

"कार्तिक सपकाळ."

वरून बाईंचा हजर आला. तो पाच-सहा वर्षांच्या मुलीचा आवाज होता, पुढचे दात पडलेल्या, र नीट न उमटणाऱ्या मुलीचा. कारकुनाने पेन टेकवलं, मग उचललं, आणि पडद्याच्या अगदी जवळ चेहरा आणून पहिल्या बाकावर कोण आहे ते बघू लागला.