सत्यभामाची पिशवी

घाटंजीजवळच्या त्या वस्तीत चाळिशी ओलांडलेल्या बाईची गर्भाची पिशवी जागेवर असणं म्हणजे नवलच. अंगावरून जास्त गेलं, की कुणी ना कुणी सांगायचं, "काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." सत्यभामालाही एका डॉक्टरने हेच ऐकवलं होतं. तिची पाळी दहा-दहा दिवस चाले, कापूस वेचता वेचता भोवळ येई. दिवाळीनंतर ऑपरेशन करायचं, असं तिने आणि तिच्या नवऱ्याने, उकंडाने, मुकाट्याने ठरवूनही टाकलं.

सून मोनाली मात्र अडून बसली. "आई, आतमंदी काय हाये ते कोणी पाह्यलं का? न पाह्यता कायले काढता?"

मग दोघी यष्टीने यवतमाळला गेल्या. सोनोग्राफी सेंटरातल्या नर्सने सत्यभामाला भरपूर पाणी पाजलं. "लघवी रोखून धरा, म्हणजे पिशवी नीट दिसते." चार ग्लास पोटात गेले, पण नंबर काही येईना.

"वावरात असती तं कवाचीच पऱ्हाटीआड गेली असती वं," सत्यभामा कुजबुजली. मोनालीला हसू फुटलं. तिला पाहून सासूलाही हसू यायला लागलं, आणि ते तर फारच धोक्याचं होतं.

शेवटी आत बोलावलं. डॉक्टर वर्षाताईंनी ओटीपोटावर गारेगार जेली लावून यंत्र फिरवायला सुरुवात केली. सत्यभामाने मान उंचावून विचारलं,

"बाई, कॅन्सर हाये का?"

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "ही तुमची पिशवी. आणि हा गोल दिसतो ना, लिंबाएवढा? ही पिशवीच्या मांसातली साधी गाठ. पुष्कळ बायकांना असते. कॅन्सरसारखं काही दिसत नाही. आतलं अस्तरही नीट आहे."

"मंग काढा लागन का पिशवी?"

"मला तरी गरज दिसत नाही. रक्तस्राव थांबायला आणि रक्त वाढायला गोळ्या मिळतील. पाळी कायमची गेली, की गाठ बहुधा आपोआप आक्रसते. सहा महिन्यांनी परत पाहू."

सत्यभामा पडद्याकडे टक लावून पाहत राहिली. तिची तिन्ही बाळंतपणं घरीच झाली होती. असं आतलं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"माहे तीन लेकरं याच्यातच वाढले?"

"याच्यातच."

"एवढ्याशा जागेत!" तिचा चेहरा एकदम उजळला. मग ती घाईघाईने उठली. "बाई, आता मले जाऊ द्या, नाईतर इथंच फजिती होईन."

संध्याकाळी उकंडा फाट्यावर येऊन उभाच होता. सगळं ऐकून त्याने दोनदा विचारलं, "पक्कं नं?" मोनालीने रिपोर्ट वाचून दाखवला. त्यातलं त्याला काहीच कळलं नाही, तरी तो शेवटपर्यंत मान डोलवत राहिला.

दोन महिन्यांत सत्यभामाची भोवळ गेली. शेजारच्या तांड्यावरच्या लालीबाईचं ऑपरेशन ठरल्याचं कानावर आलं, तशी ती पहाटेच तिच्या दारात जाऊन उभी राहिली. "लुगडं बदल, लाली. आपून यवतमाळले जाऊन राह्यलो."