रूसेचे किरिलकाका

दाढेचा शेवटचा उंचवटा बसवताना दंतकारागीर स्पासची सुरी घसरली आणि सकाळपासून घडवलेली मेणाची दाढ टेबलावर पडून चेपली. समोर डॉक्टर चावदारोवा उभ्या होत्या. डॅन्यूबकाठच्या विदीनमध्ये दवाखाना टाकल्यापासून त्या आपल्या पेशंटांच्या कॅपा आणि ब्रिज स्पासकडूनच करून घेत आल्या होत्या. काहीतरी बोलायला हवे म्हणून तो म्हणाला, की खोलीत गारठा फार आहे, मेण हाताखाली थांबत नाही. बाईंनी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिले. त्याने तो पटकन एप्रनच्या खिशात घातला, पण खिशातही तो थरथरतच राहिला.

“काका, गारठ्याचं मला नका सांगू,” त्या म्हणाल्या. “मागच्या दोन्ही कॅपा मी घासून घासून बसवल्यात.”

मग त्यांनी स्टूल ओढून घेतले आणि जे सांगायला आल्या होत्या ते सांगितले. त्यांनी स्कॅनर घेतला होता. आता पेशंटच्या तोंडात माती कोंबून ठसा घ्यायचा नाही; तोंडाचे चित्र थेट संगणकावर येते, कारागिराने दात तिथेच घडवायचा, आणि फाइल प्लेवेनला पाठवली की तिथले यंत्र तो कापून देते. सोफियातला एक जण हे काम घ्यायला एका पायावर तयार होता. पण त्यांना स्पासला सोडायचे नव्हते. वसंत ऋतूपर्यंत त्या थांबणार होत्या. फेसबुकवर दंतकारागिरांचा एक गट आहे, तिथे एकमेकांना फुकट शिकवतात, त्यांच्या ओळखीचे कितीतरी जण तिथेच तयार झाले, असे सांगून त्यांनी गटाचे नाव एका कागदावर लिहून दिले. ‘मेणाकडून माऊसकडे’ असे ते नाव होते.

घरात संगणक होता. तो पेन्काचा, त्याच्या बायकोचा. ती त्यावरून मुलीशी बोलायची. ती गेल्यापासून त्यावर तिनेच भरलेला रुमाल पडून होता. स्पासने रुमालाची घडी घातली, धूळ पुसली, आणि बऱ्याच खटपटीनंतर गटाचे पान उघडले. पहिल्याच व्हिडिओत चेहरा नव्हता. नुसता पडदा, पडद्यावर एक दाढ, आणि आवाज.

“घाबरू नका. इथे मोडलं तर परत करता येतं.”

पुढचे शब्द त्याने ऐकलेच नाहीत. संगणक तसाच चालू ठेवून तो अंगणात गेला आणि रचून ठेवलेली लाकडे पुन्हा रचत बसला. आवाज रालित्साचा होता, त्याच्या मुलीचा.

रालित्सा त्याच्याच टेबलाशी बसून हे काम शिकली होती. तिचा हात हलका होता आणि नजर त्याच्यापेक्षा चांगली, हे तो मनात म्हणायचा, तोंडाने नाही. सोफियात शिकून आली तेव्हा तिने संगणकावर केलेला पहिला ब्रिज बरोबर आणला होता. दुकानात दोन डॉक्टर बसले होते. तिने तो बापाच्या हातावर ठेवला. स्पासने तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. काम चांगले होते. ते त्याला पाहताक्षणीच कळले, आणि आपल्या सुरीचे दिवस भरले हेही कळले.

“हे दात नाहीत, पोरी,” तो डॉक्टरांना ऐकू जाईल असे म्हणाला होता. “शर्टाची बटणं आहेत.”

डॉक्टर हसले. त्याने ब्रिज कचऱ्याच्या डब्यात टाकला. रालित्साने वाकून तो बाहेर काढला, बाहीला पुसला आणि निघून गेली; आधी घरी, मग दूर वार्नाला. पेन्का होती तोवर तिच्या तोंडून दोघांना एकमेकांची खबर मिळत असे. पेन्काच्या दफनाला रालित्सा आली ती मावशीकडे उतरली. निघताना म्हणाली, “बाबा, काही लागलं तर सांग.” तो म्हणाला, “मला काय लागणार?” त्यानंतर फोन झाला नाही. कोणी करायचा, हे दोघांनीही ठरवले नव्हते.

अंधार पडायला लागल्यावर तो आत आला. गट रालित्साच चालवत होती, आणि त्यात शिरायचे तर नाव सांगावे लागत होते. खरे नाव सांगितले तर ती दार उघडणार नाही, असे त्याला वाटले. उघडले तर काय बोलायचे, हे त्याहून अवघड होते. त्याने किरिल इलिएव असे नाव लिहिले, गाव रूसे. फोटोच्या जागी डॅन्यूबमधली एक होडी लावली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: ‘किरिलकाका, तुमचं स्वागत. काही अडलं तर बिनधास्त विचारा.’

तो हिवाळा त्याने संगणकापुढे काढला. सुरुवातीला पडद्यावरची दाढ त्याच्या हातून बटाट्यासारखी व्हायची. कधी ती शेजारच्या दातात घुसायची, कधी गायबच व्हायची. तो लिहून विचारायचा, रालित्सा उत्तर द्यायची. ती नसली तर गटातले दुसरे कोणी देत असे. प्लोवदिवची एक बाई, हास्कोवोचा एक म्हातारा, सगळे आपापले बिघडलेले दात निःसंकोच मांडत आणि एकमेकांची चेष्टा करत. हास्कोवोच्या म्हाताऱ्याने एकदा किरिलची दाढ पाहून लिहिले की ही घोड्याला बसवायची आहे का. स्पास घरात एकटाच मोठ्याने हसला. आपल्या कामाला कोणी हसले आणि आपल्याला राग आला नाही, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होते. प्रत्येक उत्तराखाली तो न चुकता आभार मानायचा. किरिलला ते सहज जमत होते.

हाताचे मात्र तो बरेच दिवस बोलला नाही. शेवटी एकदा त्याने लिहिले की हात कापतो, त्यामुळे माऊसचा बाण जागेवर राहत नाही, अशा माणसाने काय करावे. वाटले होते, दोन ओळींचे उत्तर येईल. रविवारी रालित्साने त्यावर सबंध व्हिडिओ केला.

“हा आपल्या रूसेच्या किरिलकाकांसाठी,” ती म्हणाली. “हात कापतो म्हणून कोणी लाजायचं कारण नाही. मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी घ्या. बाणाचा वेग अगदी कमी करा. आणि श्वास सोडताना बाण ओढा, श्वास घेताना नाही.”

स्पासने टॉवेल आणला, गुंडाळला, मनगट टेकवले. तिने सांगितला तसा श्वास सोडला. बाण दाढेच्या कडेवरून सरळ गेला. मग त्याला पडद्यावरचे काही दिसेना म्हणून त्याने तोच टॉवेल डोळ्यांना लावला.

मार्चमध्ये त्याने डॉक्टरबाईंना पहिली फाइल दिली. तिच्यावरून कापलेली कॅप थोडी घासावी लागली. एप्रिलमधल्या घासाव्या लागल्या नाहीत.

मे महिन्याच्या शेवटी स्पासोवदेन आला, त्याच्या नावाचा सण. दुपारी मेहुणी चीज भरलेली बानित्सा घेऊन येणार होती, म्हणून तो सकाळीच टेबल आवरत होता. तेवढ्यात संगणकावर किरिलसाठी निरोप आला. गटात नाही, खासगी.

‘किरिलकाका, एक विचारू का? कामाचं नाही. आज माझ्या वडिलांच्या नावाचा दिवस. सकाळपासून फोन हातात घेतेय आणि ठेवतेय. आम्ही फार वर्षांत बोललो नाही. तुम्ही त्यांच्याच वयाचे असाल. तुम्हाला मुलगी आहे का? तिने असा अचानक फोन केला तर तुम्ही उचलाल?’

तिने ओळखले आहे, ती परीक्षा पाहते आहे, असे स्पासला वाटले. आता काहीही लिहिले तरी आपण पकडले जाऊ. मग हा आवाजही बंद होईल, काकाही नाही आणि बाबाही नाही. त्याने घाईघाईने लिहिले: ‘मला मुलगी नाही. त्यामुळे सांगता येत नाही.’

निरोप गेला आणि आपण काय लिहिले ते त्याला दिसले.

रालित्साने लगेच उत्तर दिले. ‘माफ करा, काका. नको ते विचारलं.’

दिवसभर फोन त्याने समोर ठेवला. शुभेच्छा द्यायला चुलतभावाचा आला, शेजाऱ्याचा आला. तो दोन शब्दांत बोलून ठेवून द्यायचा, न जाणो तिचा येईल आणि आपला फोन गुंतलेला लागेल. मेहुणी म्हणाली, आज तुझं लक्ष कुठे आहे? संध्याकाळी त्याने स्वतः रालित्साचा नंबर काढला. पण ती आज आपली आठवण काढते आहे हे आपल्याला कसे कळले, याचे काय उत्तर देणार? त्याने फोन ठेवून दिला.

सप्टेंबरात रालित्साने गटातल्या सगळ्यांना प्लेवेनला बोलावले. एक दिवसाचा वर्ग, ज्यांना जमेल त्यांनी यावे. किरिलकाकांनी तर यायलाच हवे, असे तिने मुद्दाम लिहिले. स्पासने पेन्काच्या दफनानंतर कपाटातच राहिलेला कोट बाहेर काढला आणि पहाटेची बस धरली. वाटभर तो मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत होता.

सभागृहाच्या दाराशी बसलेल्या मुलीने नाव विचारले. मागे रांग होती. तो क्षणभर अडखळला आणि किरिल इलिएव म्हणाला. तिने ते एका पट्टीवर लिहिले आणि पट्टी त्याच्या कोटाला लावली. तो शेवटच्या रांगेत जाऊन बसला. थोड्या वेळाने टेबलांमधून वाट काढत रालित्सा आली. केस आखूड केले होते, चेहरा आईच्या वळणावर गेला होता.

“रूसेचे काका आलेत म्हणे,” ती हसत, इकडेतिकडे पाहत म्हणाली. “कुठे आहेत? मला त्यांना भेटायचंय.”

शेजारी बसलेल्या हास्कोवोच्या म्हाताऱ्याने बोट दाखवले. ती वळली. बापाला पाहिल्यावरही ते हसू किंचित वेळ चेहऱ्यावर तसेच राहिले, कारण ते किरिलसाठी आणलेले होते. मग तिने कोटावरची पट्टी वाचली.

तिने त्याला बाहेरच्या बोळात नेले. तिथे कॉफीच्या यंत्राशी कोणी नव्हते.

“कधीपासून?” तिने विचारले.

“पहिल्यापासून.”

“हाताचं विचारलं होतं ते तू?”

“हो.”

तिने त्याच्या हाताकडे पाहिले. त्याने तो लपवला नाही. बसमध्ये घोळवलेले वाक्य आता म्हणायला हवे होते, आणि ते त्याने म्हटले.

“तुझा तो ब्रिज चांगला होता, राली. मला तेव्हाच कळलं होतं.”

ती भिंतीला टेकून उभी राहिली. बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

“किरिलकाका प्रत्येक वेळी आभार मानायचे. मला वाटायचं, किती सभ्य माणूस. ह्यांच्या घरचे सुखी असतील.”

त्याने मान खाली घातली.

“आणि तू लिहिलंस, मला मुलगी नाही.”

“मी भ्यालो होतो.”

“मी फोन करणारच होते त्या दिवशी,” ती म्हणाली. “ते वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. एकट्या माणसाला आपण हे काय विचारलं म्हणून. मग धीरच झाला नाही.”

आतून तिला कोणीतरी हाक मारली. तिने तळहाताने चेहरा पुसला, केस मागे केले.

“आत चल,” ती म्हणाली. “आता ब्रिज शिकवणार आहे. तो तुझा कच्चा आहे.”

तो आत जाऊन बसला. तिने दुपारपर्यंत ब्रिज शिकवला, प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन चुका दाखवल्या. त्याच्याही टेबलाशी आली, इतरांइतकाच वेळ थांबली, दोन दातांमधली फट कुठे चुकली ते सांगून पुढे गेली. वर्ग संपल्यावर लोकांनी तिला फोटोसाठी घेरले. मग ती वार्नाच्या दोघींबरोबर गाडीत बसली. गाडी वळताना तिने हात वर केल्यासारखे वाटले, पण तो निरोप होता की डोळ्यांवर येणारे ऊन अडवले होते, हे त्याला ओळखता आले नाही.

घरी आल्यावर त्याने किरिल इलिएवला पुसून टाकले. मग नवे खाते उघडले: स्पास त्सोनेव, विदीन. फोटो स्वतःचा लावला, आणि गटात घेण्याची विनंती पाठवली. काही दिवस उत्तर आले नाही. तो रोज पाहायचा आणि बंद करायचा. मग एका सकाळी पान उघडले. स्वागताचा शब्द नव्हता, पण आत घेतले होते.

आता तो आपल्या नावाने दात मांडू लागला. चूक असली तर रालित्सा सांगायची, बरोबर असले तर तिथे काही लिहायची नाही. डॉक्टर चावदारोवा म्हणाल्या, काका, तुमच्या फायलींना हल्ली हात लावावा लागत नाही. तो म्हणाला, शिकवणारे चांगले मिळाले. फोन तिनेही केला नाही आणि त्यानेही. एकदोनदा त्याने नंबर लावला आणि पहिली घंटा वाजायच्या आत बंद केला.

हिवाळा पुन्हा आला. एका रविवारी रालित्साचा थेट वर्ग चालू होता. लोकांचे प्रश्न ती नेहमी मोठ्याने वाचायची आणि मग उत्तर द्यायची. स्पास शेगडीपाशी, कोट अंगावर ठेवूनच बसला होता. दोब्रिचच्या कोणा नव्या बाईने प्रश्न लिहिला, आणि रालित्साने सवयीने तो वाचायला घेतला.

“विदीनचे स्पास त्सोनेव आणि तुम्ही, आडनाव एकच दिसतंय, तुमच्या कोणी…”

ती थांबली. पडद्यावर बाण एका दाढेवर उभा राहिला.

“वडील आहेत माझे,” रालित्सा म्हणाली.

मग बाण हलला, दाढ फिरली आणि तिने पुढचा प्रश्न घेतला. स्पासचा हात माऊसवर होता. व्हिडिओ मागे कसा न्यायचा, हे त्याला आता येत होते. पण तिने पुढचे सांगायला सुरुवात केली होती; ते चुकू नये म्हणून तो ऐकत राहिला.