बारावा रफू

मदतीच्या खिडकीशी उभ्या राहिल्या राहिल्या सासूबाईंनी पहिला प्रश्न असा टाकला, की आतल्या बाईंचा चष्मा नाकावर घसरला.

"काय हो, या डिझाइन कॉलेजात रंगात सोनं कालवता काय? एवढी फी?"

"आई, हळू," सून मागून कुजबुजली.

"हळू कशाला? चोरी करायला आलोय का?"

खिडकीतल्या बाईंनी असली गिऱ्हाइकं रोज पाहिलेली. त्यांनी एक कागद पुढे सरकवला आणि पेनाच्या टोकाने एकेक ओळ दाखवायला लागल्या. सासूबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली. त्यांनी कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण कान असे लावले, की एक अक्षर खाली पडलं नाही.

"ही पहिली, गरजू विद्यार्थ्यांची मदत. तिला वयाची अट आहे, पंचवीस. तुमच्या मुलीचं वय?"

"सून आहे माझी. एकतिसावं चालू आहे."

"मग ही गेली. दुसरं, बँकेचं कर्ज. त्याला जामीनदार लागतो, स्वतःचं घर असलेला."

सासूबाईंनी मनातल्या मनात सगळे नातेवाईक उलटेपालटे केले. ज्यांना घर होतं ते जामीन राहण्यापेक्षा घराला काडी लावतील, अशातले होते. "पुढचं बोला," त्या म्हणाल्या.

"तिसरं, शिकताना कॉलेजातच काम करायचं. ग्रंथालयात, नाहीतर कार्यशाळेत. त्यातून कागद-कापडाचा खर्च निघेल, फी नाही निघणार. आणि ही चौथी, गुणवत्तेची शिष्यवृत्ती. तीन वर्षांची पूर्ण फी माफ, वयाची अट नाही. स्वतःच्या हातानं केलेली एक वस्तू आणायची, परीक्षकांसमोर पंधरा मिनिटं बोलायचं. तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी दहाला. दहावीचं मूळ प्रमाणपत्र बरोबर हवं." बाई थांबल्या. "पण जागा एकच आहे. ती नाही मिळाली आणि त्यानंतर आठवड्यात फी नाही भरली, तर प्रवेश रद्द."

सुनेने कागद स्वतःकडे ओढला. नऊ वर्षं घरच्या रफूच्या दुकानात पावतीपुस्तकाच्या मागच्या बाजूला चित्रं काढणारी ती. प्रवेशपरीक्षा कुणाला न सांगता देऊन आली होती आणि पासही झाली होती. आता एकाच दारातून आत जायचं, नाहीतर परत पावत्याच फाडायच्या.

"एकच जागा ना?" सासूबाई म्हणाल्या. "आम्हाला तरी दोन कुठे हव्यात?"

त्यांचं दुकान म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि उजेडाची एक मोठी खिडकी. अडतीस वर्षं त्या खिडकीखाली बसून सासूबाईंनी लोकांचे कोट, शाली, पाटलोणी रफू केल्या होत्या. त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागा काढायचा, केसासारखी सुई घ्यायची आणि भोक असं भरायचं, की घालणाऱ्यालाही आठवू नये कुठे फाटलं होतं. "दिसला तो रफू नव्हे, ठिगळ," हा त्यांचा कायदा. दिसणारी टीप एकदाच सुनेच्या हातून गेली होती, तर सासूबाईंनी भर गिऱ्हाइकात विचारलं होतं, "हे सुईनं केलंस की खुरप्यानं?"

दुकानाची रीत ठरलेली. कपडा आला की सून तो उजेडात धरायची आणि जिथे जिथे विरला, फाटला असेल तिथे नारिंगी धाग्याने खूण घालायची. मग सासूबाई बसायच्या. रफू झाला की नारिंगी धागा ओढून टाकायचा. नारिंगी म्हणजे काम बाकी. नऊ वर्षांत याला अपवाद नव्हता.

शेजारच्या इस्त्रीवाल्याला बातमी लागायला अर्धा दिवस पुरला. "काय मावशी, या वयात सुनेला शाळेत घालताय? दप्तर तुम्ही धरणार का?"

"धरीन की. तू कपडे जाळायचे थांबव, मग डबाही तुझ्याकडून नेईन."

वस्तू काय न्यायची हे सुनेने दोन दिवसांत ठरवलं. "आई, बाबांचा कोट घेऊ?"

सासरे विजेचे मीटर वाचायला घरोघर फिरायचे. फाटकं ओलांडून, कुत्री चुकवून त्या कोटाची चाळण झाली होती. ते म्हणायचे, कोट शिव. सासूबाई म्हणायच्या, आधी गिऱ्हाइकांचे होऊ देत. तसंच राहिलं, आणि एक दिवस माणूसच राहिला नाही. कोट पेटीत गेला.

"घे," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

सून पडद्यामागे बसून पंधरा दिवस काम करत होती. काय करतेस, असं सासूबाईंनी विचारलं नाही, आणि सुनेनंही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खुरपं पुन्हा निघालं असतं. मग दहावीचं प्रमाणपत्र आणायला ती माहेरी गेली. चार दिवस लागणार होते आणि यायची ती थेट सोमवारी सकाळी.

ती गेली त्या दुपारी सासूबाईंनी पडदा सारला. कोट टेबलावर होता. त्यावर अकरा ठिकाणी नारिंगी धागा.

"अगं बाई," त्या मोठ्यानंच म्हणाल्या. "पोरीचं काम राहिलं!"

धागे नुसते आडवेउभे नव्हते. कुठे जाळी होती, कुठे पायऱ्या, कुठे चक्र. पण सासूबाईंना नक्षी दिसलीच नाही, नारिंगी तेवढं दिसलं. नारिंगी म्हणजे काम बाकी. पोरीने खुणा घातल्या, वेळ संपला, आणि तोंड उघडून सांगायची सोय नाही, कारण सासू ही अशी तोंडाची फाटकी! त्या चष्मा पुसून खिडकीशी बसल्या. चार दिवस त्यांनी दुकानाची कडी काढली नाही. कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे काढले, एकेक भोक भरलं, एकेक नारिंगी धागा उपटला. अकरा रफू. स्वतःच्या नवऱ्याचा कोट त्यांनी इतक्या वर्षांनी मनापासून दुरुस्त केला. शेवटचा झाला तेव्हा बोटं वळत नव्हती, पण कोट असा दिसत होता, की दुकानातून आत्ता आणलाय. त्यांनी तो घडी करून कागदात बांधला आणि वर दोरीची गाठ मारली.

सोमवारी सून स्टँडवरून धावतच आली. सासूबाई पुडकं घेऊन दारात तयार. "चल, उशीर झालाय. तुझं काम मी बघून ठेवलंय," त्या म्हणाल्या आणि गालात हसल्या. सुनेला वाटलं, नुसतं बघितलं असेल.

लांबलचक टेबलामागे तिघे परीक्षक होते. मधल्या बाईंचे केस पांढरे, डोळे घारीसारखे. डावीकडचा तरुण, डोक्यावर बुचडा. उजवीकडचा नुसता लिहीत होता. सासूबाईंना भिंतीशी खुर्ची मिळाली. सुनेने गाठ सोडली, कोट उलगडला आणि तिचे हात थांबले.

तिने बाही उलटली. पाठ फिरवून पाहिली. मग तिने सासूबाईंकडे पाहिलं.

"छान कोट आहे," बुचडेवाला म्हणाला. "पण यात तुमचं काम कुठलं?"

सुनेची बोटं उपटलेल्या धाग्यांच्या जागा शोधत होती.

सासूबाईंना सगळं एकदम कळलं. जाळी, पायऱ्या, चक्र. ती खूण नव्हती, तेच काम होतं. जग काय म्हणेल हेही कळलं, सासूने सुनेचा कोट उसवला. आयुष्यात त्यांनी चूक कबूल केली नव्हती. नवऱ्याजवळ नाही, देवाजवळ तर नाहीच. त्या उठल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. आवाज स्वतःचाच ओळखू येईना. "हिनं नारिंगी धाग्यानं अकरा ठिकाणी काम केलं होतं. मला वाटलं खुणा आहेत. मी उपटून रफू केला. पोरीचा काही दोष नाही. शिक्षा काय ती मला करा."

मधल्या बाईंनी कोट जवळ ओढला, भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. "अकरा? मला एकही सापडत नाही."

"सापडणार नाही," सासूबाई म्हणाल्या. त्याही वेळी मान थोडी वर झालीच.

"हे अफाट आहे. पण नियमाप्रमाणे काम उमेदवाराचं हवं." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "तुमची दहा मिनिटं उरली आहेत."

सून हलली. सरळ सासूबाईंजवळ आली आणि त्यांच्या कमरेच्या पिशवीतून शिंप्याचा खडू काढला. कोट टेबलावर पसरला, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख कापडावरून फिरवायला लागली. भिंगाला जे दिसलं नाही ते नखाला लागलं. तिथे तिने खडूने गोल काढला आणि गोलात जाळी भरली.

"हे कोपरावरचं. कालव्याकडच्या वाड्यातली कुत्री बाबांची बाही धरून बसली, ती मीटर वाचून होईपर्यंत सोडेना. म्हणून इथे दाताची जाळी." पुढचा गोल. "हा खिसा. पेन्सिल ठेवून ठेवून फाटला. इथे रेघा. हे खांद्यावरचं, चौथ्या मजल्याच्या जिन्यातला खिळा. म्हणून पायऱ्या."

सासूबाई ऐकतच राहिल्या. नऊ वर्षं हात चालवता चालवता त्या बडबडल्या होत्या, त्यांना वाटायचं भिंतीशीच बोलतोय. पोरीने एकेक फाटका धागा जपून ठेवला होता.

अकरा गोल झाले. काळ्या कोटावर पांढरं गोंदण उठलं. उजवीकडच्याने लिहायचं थांबवलं होतं. सून खडू ठेवणार, तेवढ्यात नख कॉलरखाली अडलं. ती पुन्हा तिथून गेली. पुन्हा अडलं.

"आई," तिने डोळे उघडले, "हा बारावा कुणाचा?"

सासूबाई टेबलाजवळ आल्या. "माझाच," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या पहिल्या वर्षीचा. हातात इस्त्री होती, जळून भोक पडलं. त्यांना कळू नये म्हणून रातोरात केला. त्यांनाही कधी कळला नाही. कुणालाच नाही."

सुनेने बाराव्याभोवतीही गोल काढला आणि परीक्षकांकडे वळली. "चाळीस वर्षं इतकं चांगलं काम इथे होतं आणि कुणी पाहिलं नाही. आमच्या दुकानातून असे हजार कोट गेले. लोक म्हणतात, वा, कोट छान. आईंना कुणी म्हणत नाही. म्हणून मी नारिंगी धागा घेतला होता. फाटलेलं लपवायचं नाही, आणि शिवणारे हातही लपवायचे नाहीत. हेच मला इथे शिकायचंय."

बुचडेवाल्याने बुचडा सोडून पुन्हा बांधला.

"बाहेर बसा," मधल्या बाई म्हणाल्या.

बाकावर दोघी शेजारी बसल्या. सासूबाई म्हणाल्या, "मला आधी सांगायचंस की गं."

"सांगितलं असतं तर?"

"खुरपं म्हटलं असतं," सासूबाईंनी मान्य केलं. सून हसली, आणि तेव्हा कुठे सासूबाईंचा जीव भांड्यात पडला.

चार वाजता खिडकीतल्या बाई स्वतः बाहेर आल्या. जागेवरून उठून आल्या, यावरूनच सासूबाईंनी ओळखलं. "अभिनंदन. तीन वर्षांची पूर्ण फी माफ. कोट मात्र महिनाभर इथेच राहील, मोठ्या दालनात लावायचाय. असाच, खडूसकट. खाली नावं हवीत. दोघींची."

सासूबाईंनी पेन मुठीत धरलं. दुसरीपर्यंतचा हात, अक्षरं चालायला लागलेल्या मुलासारखी पडत-उठत गेली. पण मोठी काढली. लांबून दिसतील एवढी.

दुसऱ्या आठवड्यात सुनेच्या खांद्यावर खरंच दप्तर होतं, आणि कोपऱ्यापर्यंत ते सासूबाईंनी खरंच धरलं. परत आल्या तर दारात इस्त्रीवाला उभा, हातात गिऱ्हाइकाचा जळालेला सदरा, तोंडावर उसनं हसू.

"मावशी, जरा एवढं..."

सासूबाईंनी सदरा उजेडात धरला. भोक चांगलं रुपयाएवढं होतं. त्या खिडकीखाली बसल्या, नारिंगी धाग्याचं रीळ पुढे ओढलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"दिसणारा करू की न दिसणारा? आधीच सांगते, दिसणारा महाग आहे."