समईचा वाटा

"पानं पाहू नको, वंदे. समोरच्याचा हात पाह्य. चांगलं पान आलं का माणूस हात आवरते."

रंगरावमामाचा आवाज कानात उमटला आणि वंदनाची नजर भांड्यांवरून थोरल्या जावेच्या, सरस्वतीबाईंच्या, हातांवर गेली.

सासूबाईंची तेरवी झाली होती. वरवट बकाल गावच्या घरी, ओसरीवर दोन वाटे मांडले होते. थोरलीनं वाटे करायचे, धाकटीनं आधी उचलायचा, ही घरची रीत. सरस्वतीबाईंनी दोन्हीकडे सारखंच ठेवलं होतं. उजवीकडे एक परात जादा, डावीकडे सासूबाईंची समई. परात त्यांनी पुसली, पुढे सरकवली. समईकडे मात्र एकदाही पाहिलं नाही. हात पदराखाली घेऊन बसल्या.

"घे वो माय, तुले आवडंल ते."

"हा घेतो," म्हणत वंदनानं डाव्या वाट्याला हात लावला.

"रंगरावची भाची हाये ते!" चुलतसासरे भगवानराव हसले. "हेरूनच उचललं असंन."

मामानं जन्मभर पत्त्यांवर घर चालवलं, हे सासरी सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे हसले. वंदनाही हसली.

निघताना सरस्वतीबाई मागून आल्या. हातात कागदाची पुडी.

"वाती हायेत. आत्याबाईसाठी वळल्या होत्या. अन् समई जराशी कलते, खाली घडी ठेवत जाय. नाही तं तेल सांडते."

दुसऱ्या दिवशी शेगावला आपल्या घरी, आंघोळ करून वंदना देवापुढे बसली. पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय ती पाणी घेत नसे. तिनं पुडी सोडली. सगळ्या वाती एकसारख्या, टोकं चिमटीनं दाबलेली. समईच्या बुडाला कापडाची घडी चिकटली होती, तेलानं काळी पडलेली. सरस्वतीबाईंच्याच जुन्या लुगड्याचा काठ. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून हा दिवा त्याच लावत होत्या.

वंदनाला समई हवी होती कुठे? जावेला हवी आहे, एवढंच तिला कळलं होतं.

काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा तिनं ती फुंकली.

दिवाळीच्या रात्री शकुनाला घरोघरी डाव मांडला जायचा, तेव्हा मामा एकटाच अंगणात बसून राहायचा. लहानग्या वंदनानं एकदा विचारलं होतं, "मामा, तू काऊन नाही खेळत?"

"घरच्यायसंग नाही खेळत मी. घरच्याचा हात वाचून जितलं, तं ते चोरी होते. तूही वाचू नको. देवापुढं शपथ घे."

तिनं खुदकन हसत घेतली होती.

वंदनानं पोथी मिटून चौरंगावर ठेवली. समई टॉवेलात गुंडाळली, पुडी वरून खोचली.

दीपक दात घासता घासता दारात आला. "कुठी चालली? पोथी झाली काय तुही?"

"नाही. वरवटले जाऊन येतो."

"आत्ता? पाणी तं पिऊन जाय."

"आल्यावर."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. बुडाची घडी निसटू नये म्हणून तिच्यावर तळवा धरला, आणि ती स्टँडकडे चालू लागली.