बदललेला क्लास

"बंद करून पुन्हा चालू करतोय," भाऊ म्हणाले, तशी पलीकडच्या टेबलावरची तपासनीस उठली. दोघं खिडकीशी जाऊन उभे राहिले.

भाऊ प्रोग्राम लिहायचे, ती तो वापरून चुका काढायची. जावा भाषेतल्या त्या जुनाट वेब-प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली तरी सगळा सर्व्हर नव्याने उभा करावा लागे, आणि तो उठेपर्यंत दोघांनाही काम नसे. खरं तर बदललेला क्लास, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, सर्व्हरने आपोआप उचलायला हवा. तशी सोय होती, चालूही केलेली होती. पण सर्व्हर ढिम्म, जुनंच दाखवायचा.

बायको गेल्यापासून भाऊंचं दिवसभरात माणसाशी बोलणं व्हायचं ते या खिडकीशीच. समोरच्या गच्चीवर कोण कपडे वाळत घालतंय, तिच्या घरचा नळ कसा गळतोय, असलंच काहीबाही. त्यांना तेवढं पुरायचं.

मग साहेबांनी या दुखण्याचं मूळ शोधायला सांगितलं. भाऊंनी सेटिंग तपासलं. नवा क्लास तर व्यवस्थित तयार होत होता. शेवटी सर्व्हर तो उचलतो कुठून, हे त्यांनी पडद्यावर छापून घेतलं आणि चोर सापडला. सर्व्हरच्या सामाईक फोल्डरमध्ये त्याच क्लासची आणखी एक प्रत होती; सर्व्हर उभा करतानाच एक जुनी आज्ञा ती तिथे ठेवायची. सर्व्हर आधी तिथे बघायचा, आणि एकदा वाचलं की पुन्हा ढुंकूनही बघायचा नाही.

ती फाइल आणि ती आज्ञा काढली की काम फत्ते. भाऊंचा हात थांबला. साहेबांना त्यांनी सांगितलं, अजून बघतोय. आठवडा तसाच गेला.

एके दुपारी खिडकीशी तीच म्हणाली, "भाऊ, सर्व्हरचं साहेबांकडे मीच बोलले होते."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"आईला अंधार पडला की माणसं ओळखू येत नाहीत. उजेडात पोचले तर मला ओळखते. इथून निघायला रोज उशीर होतो."

"मला सांगायचंस."

"तुम्हाला इथं उभं राहून बरं वाटतं," ती म्हणाली, "म्हणून नाही बोलले."

भाऊ जागेवर गेले आणि त्यांनी ती फाइल आणि आज्ञा काढून टाकली. शेवटचं एकदा सर्व्हर उभा केला, एक ओळ बदलली. पापणी लवायच्या आत पडद्यावर नवं आलं. तिने भराभर सगळं तपासलं, पर्स उचलली, "येते हं" म्हणाली आणि जवळजवळ धावतच जिना उतरली.

भाऊंचंही काम उरलं नव्हतं. ते घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात ऊन होतं. मावळतीचं, ओट्यावरून भिंतीवरच्या डब्यांपर्यंत चढलेलं. इतकी वर्षं या घरात काढली, पण कामाच्या दिवशी या वेळी ते कधी घरात नव्हतेच. बायको हे रोज बघत असणार. कधी बोलली नाही.

की बोललीही असेल.

खांद्यावरची बॅग न काढता ते डब्यांवरचं ऊन विझेपर्यंत तिथेच उभे राहिले.