बातमीसोबत काय न्यावं?

बासष्टाव्या वर्षी माणसानं लग्न करावं की नाही, ते ज्याचं त्यानं बघावं. पण पोटच्या पोरीला न सांगता? आपल्या मास्तरांनी केलं बुवा! सहलीला म्हणून परगावी गेले आणि कचेरीत सह्या करून मोकळे झाले. आता विमानाला तासभर होता, तिकडे उतरल्यावर लेक न्यायला उभी असणार होती, आणि तिला सांगायचं कसं, ते मास्तरांना अजून सुचलं नव्हतं. पहिली बायको जाऊन सहा वर्षं झाली, तरी आईचं नाव निघालं की लेक अजून गप्प व्हायची.

रिकाम्या हातानं जायला नको, म्हणून दोघं विमानतळावरच्या दुकानात शिरले. त्या मुलखातला मध, अक्रोड, चीज, वाइन, सगळं तिथे हारीनं मांडलेलं.

"चीज घेऊ. चीज बघून विरघळेल ती." मास्तरांनी चीजची भलीमोठी गोल वडी उचलली.

"अख्खं चाक? लेकीला द्यायचंय की गाडीला लावायचंय?" नवी बायको म्हणाली. तिची हयात बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेली, त्यामुळे तिची कुजबुजसुद्धा मागच्या सीटपर्यंत पोचायची.

विक्रेतीनं चवीला वाइन दिली. मास्तरांनी लाल चाखली, पांढरी चाखली, मग पुन्हा लाल. लेक काय, वाघीण थोडीच आहे, असं त्यांना वाटायला लागलं. पुढच्या घोटाला त्यांनी विक्रेतीला सांगूनच टाकलं, "आमचं परवा लग्न झालं!"

"अय्या!" म्हणत ती टोपलीला रिबीन बांधायला लागली. रांगेतल्या एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर लाजून चूर, आणि नवी बायको हसून हसून काउंटरवर रेललेली.

नेमका तेव्हाच लेकीचा फोन आला.

"बाबा, विमान वेळेवर आहे ना?"

"आहे, आहे! तुला चीज घेतोय." धीर यावा म्हणून मास्तरांनी आणखी एक पेला उचलला.

"अहो मास्तर, ठेवा तो खाली! विमानात उचलून न्यावं लागेल तुम्हाला!"

"बाबा," लेक म्हणाली, "कोण ओरडतंय तुमच्यावर?"

मास्तरांची बोबडी वळली, पण खरं ते तोंडातून निसटलंच. "बायको."

मास्तरांची सगळी झिंग उतरली. रिबीन बांधणारे हातही थांबले.

"त्यांच्याकडे द्या फोन," शेवटी लेक म्हणाली.

नवी बायको फोन कानाला लावून "हो... बरं... हो गं बाळा" करत राहिली. इतक्या हळू बोलताना मास्तरांनी तिला कधी ऐकलं नव्हतं. आता आपली धडगत नाही, असं म्हणत त्यांनी चीजचं चाक पोटाशी धरलं.

फोन ठेवून तिनं मनगटानं डोळे पुसले.

"काय म्हणाली? चिडली?"

"म्हणाली, बाबा रक्तदाबाची गोळी विसरतात, आणि विचारलं की घेतली म्हणून सांगतात. आजपासून तुम्ही बघा." तिचा आवाज पुन्हा मागच्या सीटपर्यंत गेला. "घेतलीत आज?"

"घेतली की!" मास्तर म्हणाले, आणि खिसे चाचपायला लागले.