बब्रुवानचा वाटा

ज्वारीच्या काढणीत जैनोद्दीन वारला. हा मूळचा ज्ञानोबा, आमच्या बब्रुवानचा धाकटा भाऊ. लालबीशी निकाह लावायला त्यानं कलमा पढला, तेव्हापासून बब्रुवाननं त्याच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नाही. मातीलाही गेला नाही. पण नंतर भावाच्या बागायती रानाच्या बांधावर बसून पोटभर रडला. रान बघून रडू येणारी माणसं आमच्याकडं कमी नाहीत.

ते रान आता लालबीचं आणि तिच्या लेकीचं, सायराबीचं. निजामाचं राज्य, मुसलमानाच्या जमिनीत हिंदू भावाला वाटा नव्हता. लोहाऱ्याच्या बाजारात कुणी तरी बब्रुवानला सांगितलं, की तू मुसलमान असतास तर बायको-लेकीचा हिस्सा जाऊन उरलेलं तुझंच. झालं, डोक्यात किडा वळवळला. बायकोला, कमलबाईला, काही न सांगता गडी शुक्रवारी मशिदीत जाऊन कलमा पढला आणि तसाच टोपी घालून काझींकडं हिस्सा मागायला गेला.

काझी वयस्कर, सावकाश बोलणारे. "भाऊ गेला त्या दिशी तुमी कोन हुता?"

"हिंदूच की."

"मग न्हाय बसत. हिस्सा मौतीच्या घडीला ठरतो. आताचा कलमा अल्लाच्या दारी कामाला यील, रानाला न्हाय."

बब्रुवान उठायला लागला, तर काझींनी त्याला पुन्हा बसवलं.

"आजून ऐका. तुमची बायकू-पोरं हिंदू. उद्या तुमी गेलात, तर तुमच्या रानात त्यान्ला वाटा न्हाय. मुसलमानात तुमच्या रगताची येकटी सायराबी. समदं तिचं. पोरान्ला द्यायचं आसंल तर जित्तेपनीच देऊन टाका."

गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. भावकीनं बब्रुवानला पंगतीतून उठवलं, कमलबाईनं त्याचं अंथरूण गोठ्यात टाकलं. पोरांच्या नावावर रान करा म्हणून तिनं त्याच्या पाठीमागं टुमणं लावलं, पण तो बधेना.

उभ्या संसारात 'तुमचं मढं बशिवलं' याशिवाय तिचं वाक्य सुरू होत नसे. आता नवरा नुसता खोकला तरी ती हातातलं काम टाकून गोठ्याकडं धावते. सकाळ-संध्याकाळ ती त्याला म्हशीचं निरसं दूध नेऊन देते आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर बसते. मला तर तिची कीव येते.

परवा मीही त्याला म्हटलं, "बब्रुवान, देऊन टाक की पोरान्ला."

त्यानं मिशीवरचा दुधाचा फेस पुसला.

"देतो की. पर मग दूद कोन आनील?"